परजीवी आणि आपली प्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उंदरांच्या आतड्यात राहणारे जंत आणि त्यांना तोंड देणारी उंदरांची प्रतिकारयंत्रणा हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. व्याख्यानांनंतर हातात पडणाऱ्या चिठ्ठ्या आणि ईमेल यांतून तेच तेच प्रश्न परत येतात. जीवशास्त्राचे विद्यार्थी विचारतात, लहान मुलांचे आईवडील विचारतात, अ‍ॅलर्जीने गांजलेली माणसे विचारतात. त्या सगळ्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, गुंतागुंतीचे नंतर. एकच मुद्दा दोन ठिकाणी येत असेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःच्या आजाराबद्दलचा निर्णय मात्र तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. परजीवी म्हणजे नेमके काय? जिवाणू आणि विषाणूही परजीवीच ना?

दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्या जिवावर पोसणारा तो परजीवी. ज्याच्यावर तो पोसतो तो यजमान. या अर्थाने विषाणूही परजीवीच ठरतात. पण आमच्या शाखेत हा शब्द मुख्यतः दोन गटांसाठी वापरतात. पहिला गट एकपेशीय आदिजीवांचा : मलेरियाचा प्लाझ्मोडियम, काळ्या आजाराचा लिशमॅनिया, निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा. दुसरा गट कृमींचा : जंत, अंकुशकृमी, चपटे कृमी, हत्तीरोगाचे धाग्यासारखे कृमी. गोचीड, उवा वगैरे बाहेरून चिकटणारे प्राणी हा तिसरा गट, त्याबद्दल इथे लिहिलेले नाही.

दोन्ही गटांच्या पेशींत केंद्रक असते, म्हणजे पेशीच्या घडणीने ते जिवाणूंपेक्षा आपल्याला जवळचे आहेत. त्यांना मारेल पण आपल्याला इजा करणार नाही असे औषध शोधणे अवघड जाते, त्याचे हे एक मोठे कारण.

२. आत जंत शिरला आहे हे शरीराला कळते कसे?

आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या पेशी असतात. डोक्यावर केसांचा झुपका असावा तशा दिसतात. त्या कित्येक दशके ठाऊक होत्या, पण त्यांचे काम काय हे कोणाला सांगता येत नव्हते. २०१६ साली तीन वेगवेगळ्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवून दिले की कृमींची पहिली खबर याच पेशी देतात. कृमी आला की त्या आयएल-२५ हा संदेशरेणू सोडतात. त्याने जवळच्या काही पांढऱ्या पेशी जाग्या होतात आणि आयएल-१३ सोडतात. आयएल-१३ मुळे अस्तरात आणखी टफ्ट पेशी तयार होतात, त्या आणखी आयएल-२५ सोडतात. हे चक्र काही दिवसांतच टफ्ट पेशींची संख्या कित्येक पटींनी वाढवते.

माझ्या विद्यार्थिदशेत या पेशींना पाठ्यपुस्तकात जेमतेम एक ओळ होती. आज त्यांच्यावर स्वतंत्र परिषदा भरतात.

३. जंत वीतभर लांब आणि पांढरी पेशी डोळ्यांना न दिसणारी. मग ती त्याला मारते कशी?

बहुतेक वेळा मारतच नाही, हाकलते. जिवाणू आला तर भक्षक पेशी त्याला गिळते. वीतभर जंत गिळणे अशक्य, म्हणून शरीर आतड्याची स्थितीच त्याला राहण्यास अयोग्य करते. आयएल-४ आणि आयएल-१३ या दोन संदेशांमुळे श्लेष्मा जास्त आणि वेगळ्या घडणीचा तयार होतो, आतड्यात पाणी सुटते, स्नायू जोरात आकुंचन पावतात, अस्तरातल्या पेशी नेहमीपेक्षा लवकर झडून नव्या येतात. जंताला पकड मिळत नाही आणि तो विष्ठेबरोबर बाहेर पडतो.

ऊतींमधून प्रवास करणाऱ्या कोवळ्या अळ्यांच्या बाबतीत मात्र थेट मारामारी होते. आयजीई प्रतिपिंडे अळीला चिकटतात. हीच प्रतिपिंडे अ‍ॅलर्जीत त्रास देतात. त्यांचा शोध इशिझाका दांपत्याने १९६६ साली लावला. मग इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी अळीला वेढून आपल्या कणिकांमधली विषारी प्रथिने तिच्यावर ओततात. परीक्षानळीत हे दृश्य फार स्पष्ट दिसते. जिवंत प्राण्यात चित्र इतके सरळ नाही. ट्रिचिनेला या कृमीच्या स्नायूंतल्या अळ्या इओसिनोफिल नसलेल्या उंदरांत जास्त मरतात, म्हणजे तिथे याच पेशी परजीवीला जगायला मदत करतात असे दिसले आहे.

४. रक्ताच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेले आहेत. म्हणजे पोटात जंत आहेतच का?

तसे गृहीत धरू नका. दर मायक्रोलिटर रक्तात ५०० पर्यंत इओसिनोफिल सर्वसाधारण मानतात. दमा, त्वचेची अ‍ॅलर्जी, काही औषधे आणि काही रक्तविकार यांमुळेही ते वाढतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा : आकडा सर्वसाधारण आला म्हणून परजीवी नाही असेही ठरत नाही. ऊतींमधून फिरणाऱ्या कृमींमुळे हा आकडा चढतो. आतड्याच्या पोकळीत गुपचूप राहणारे कृमी किंवा कृमीची अखंड आवरणातली गाठ यांमुळे तो फारसा हलत नाही. मलेरियासारख्या एकपेशीय परजीवींत तो सहसा वाढतच नाही. सर्वांत धोकादायक अपवाद प्रश्न १४ मध्ये आहे.

५. तुम्ही प्रयोगशाळेत उंदरांवर नेमके काय करता?

आमचा मुख्य कृमी म्हणजे हेलिग्मोसोमॉइडिस पॉलिगायरस. उंदराच्या लहान आतड्यात राहतो, लालसर असतो आणि स्प्रिंगसारखी वेटोळी घालतो. संसर्ग झालेल्या उंदरांच्या लेंड्या ओलसर ठेवल्या की त्यांतल्या अंड्यांतून अळ्या निघतात आणि साधारण आठवड्याभरात संसर्ग करण्याजोग्या होतात. त्यांतल्या मोजून २०० अळ्या थोड्या पाण्यातून बारीक नळीने उंदराच्या पोटात सोडतो. २०० म्हणजे २००. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजण्यात सकाळ जाते, पण इथे हलगर्जी केली तर पुढच्या दोन महिन्यांच्या आकड्यांना काही किंमत राहत नाही (का ते प्रश्न ६ मध्ये).

अळ्या दिवसभरात आतड्याच्या भिंतीत घुसतात, स्नायूंच्या थरात वाढतात आणि आठव्या दिवसाच्या सुमारास प्रौढ होऊन पोकळीत परततात. त्यानंतर थोड्याच दिवसांत अंडी पडू लागतात. लेंड्या संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवल्या की अंडी तरंगून वर येतात, ती रेघा आखलेल्या काचेवर मोजायची. शेवटी आतडे उभे चिरून मलमलीच्या कापडात घालून कोमट क्षारजलात टांगले की कृमी हळूहळू खाली उतरतात. तेही मोजायचे. सोबत आतड्याजवळच्या लसिका गाठींतल्या पेशी काढून त्या कोणते संदेश सोडतात ते पाहायचे.

या कृमीवर जीव जडण्याचे कारण असे. आमच्याकडच्या काळ्या उंदरांत पहिला संसर्ग महिनोन्महिने टिकतो. उंदीर खातो, पितो, खेळतो आणि पोटात कृमी अंडी घालत राहतात. आता औषध देऊन तो संसर्ग काढून टाका आणि काही आठवड्यांनी त्याच उंदराला त्याच २०० अळ्या पुन्हा द्या. या खेपेस प्रतिकारयंत्रणा त्यांना आतड्याच्या भिंतीतच गाठते. प्रत्येक अळीभोवती मॅक्रोफेज म्हणजे भक्षक पेशींचा घेर पडतो आणि बहुतेक अळ्या पोकळीपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे उंदराला हे सगळे जमत होते, पहिल्या खेपेस कोणीतरी त्याला रोखून धरले होते. कोणी आणि कसे, हा माझ्या कामाचा गाभा आहे. उत्तराचा एक तुकडा प्रश्न ७ मध्ये सापडेल.

आणि हो, उंदरांना वेदना कमीत कमी व्हाव्यात, लागतील तेवढेच उंदीर वापरावेत यासाठी प्रत्येक प्रयोगाला आधी नीतिसमितीची मंजुरी लागते. मंजुरीचे कागद भरताना "इतके उंदीर खरेच हवेत का?" हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, आणि तो विचारलाच पाहिजे.

६. कृमी तोच, मग एक उंदीर त्याला बाहेर टाकतो आणि दुसरा का टाकत नाही?

तीन कारणे लगेच सांगता येतात.

पहिले, वंश. लिशमॅनिया मेजर हा परजीवी काळ्या सी५७ उंदरांच्या पायाला टोचला तर जखम होते आणि भरून येते. पांढऱ्या बाल्ब-सी उंदरांत तो पसरतो आणि त्यांना मारतो. १९८६ मध्ये मोसमन आणि कॉफमन यांनी मदतनीस टी-पेशींचे, म्हणजे प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे, दोन प्रकार वेगळे केले होते. पेशींच्या आत लपणाऱ्या शत्रूंसाठी पहिला, कृमींसारख्यांसाठी दुसरा. काळा उंदीर लिशमॅनियाविरुद्ध पहिला प्रकार वापरतो, पांढरा दुसरा. शस्त्र दोघांकडे आहे, पांढऱ्याने चुकीचे उचलले.

दुसरे, मात्रा. उंदरांतल्या चाबूककृमीची खूप अंडी एकदम दिली तर उंदीर कृमी हाकलतो. तीच अंडी अगदी थोडी दिली तर शरीर चुकीच्या म्हणजे पहिल्या प्रकाराकडे झुकते आणि कृमी कायमचे घर करतात. निसर्गात संसर्ग थोडाथोडाच होतो, म्हणून मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो.

तिसरे, आतड्यातले जिवाणू. याच चाबूककृमीच्या अंड्यांना फुटण्यासाठी आतड्यातल्या जिवाणूंचा स्पर्श लागतो हे २०१० मध्ये दिसून आले. जिवाणू कमी केले की अंडीच कमी फुटतात.

७. इतकी तयारी असूनही काही परजीवी वर्षानुवर्षे टिकतात कसे?

प्रत्येकाची युक्ती वेगळी, आणि त्यांतल्या काही इतक्या सफाईदार आहेत की त्या पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा रक्तात उघड्यावर फिरतो. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाच्या सुमारे १ कोटी रेणूंचा दाट थर असतो. शरीर त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि बहुतेक परजीवी मरतात. पण मोजक्या काहींनी तोवर अंगरखा बदललेला असतो. त्यांच्याकडे अशा अंगरख्यांची हजाराहून अधिक जनुके आणि जनुकांचे तुकडे असतात, आणि तुकडे जोडून ते नवे नमुनेही शिवतात. रुग्णाच्या रक्तात परजीवी लाटेलाटेने वाढतात आणि ओसरतात ते यामुळे.

मलेरियाच्या परजीवीची फाल्सिपेरम ही जात घ्या. तो तांबड्या पेशीत लपतो आणि त्या पेशीच्या पृष्ठभागावर एक चिकट प्रथिन लावतो, म्हणजे ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून राहते आणि प्लीहेच्या गाळणीत सापडत नाही. या प्रथिनाची सुमारे ६० जनुके त्याच्याकडे असतात आणि एका वेळी एकच चालू असते.

लिशमॅनिया तर सरळ भक्षक पेशीच्या पोटात राहतो. ज्या पेशीने त्याला पचवायचे तीच त्याचे घर.

शिस्टोसोमा हा चपटा कृमी रक्तवाहिन्यांत नरमादीच्या जोडीने साधारण ३ ते १० वर्षे राहतो, क्वचित कित्येक दशके. तो यजमानाचेच रेणू, अगदी रक्तगटाचे सुद्धा, आपल्या कातडीवर चढवतो. १९६९ मध्ये स्मिदर्स आणि टेरी यांनी याच कृमीत आणखी एक गोष्ट दाखवली : आत असलेले प्रौढ कृमी सुरक्षित राहतात, पण त्यांच्यामुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती नव्याने येणाऱ्या अळ्यांना मारते. आधी आलेल्याने मागून येणाऱ्यांसाठी दार लावून घेतल्यासारखे.

आणि आमचा वेटोळ्या कृमी. आपल्या शरीरात टीजीएफ-बीटा नावाचा संदेशरेणू आहे. तो नियामक टी-पेशी तयार करवतो आणि त्या पेशी दाह शांत करतात. २०१७ मध्ये रिक मायझेल्स यांच्या गटाने या कृमीच्या स्रावातून एक प्रथिन वेगळे केले. घडणीत ते टीजीएफ-बीटासारखे मुळीच नाही, तरीही पेशीवरच्या नेमक्या त्याच ग्राहकाला, म्हणजे संदेश घेणाऱ्या रेणूला, जोडले जाते आणि तोच हुकूम देते : शांत राहा. मूळ किल्लीशी काहीही साम्य नसलेली किल्ली त्याच कुलपात फिरते. प्रश्न ५ मधल्या उंदराला पहिल्या खेपेस कोणी रोखून धरले याचे हे एक उत्तर.

८. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही. मलेरिया मात्र परत परत का होतो?

गोवराच्या विषाणूचा चेहरा जवळजवळ कायम तोच असतो. मलेरियाचा परजीवी डासाने टोचल्यावर आधी यकृतात एका रूपात, मग रक्तात दुसऱ्या रूपात असतो, आणि रक्तातला चेहराही बदलत राहतो (प्रश्न ७). म्हणून प्रतिकारशक्ती येते, पण हप्त्याहप्त्याने. मलेरिया सतत असलेल्या भागात मुले आधी गंभीर आजारातून वाचायला शिकतात, काही वर्षांनी तापही सौम्य होतो, मोठेपणी कित्येकांच्या रक्तात परजीवी असूनही त्यांना काही जाणवत नाही. ही शक्ती प्रतिपिंडांत असते हे गांबियात १९६१ साली सिद्ध झाले. तिथल्या प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडे आजारी मुलांना दिली तेव्हा मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने घटले.

दोन अपवाद जरूर लक्षात ठेवा. असा माणूस मलेरिया नसलेल्या प्रदेशात काही वर्षे राहून परत आला तर ही ढाल बरीच क्षीण झालेली असते. दुसरा अपवाद पहिल्या गरोदरपणाचा. वार, म्हणजे गर्भाला पोसणारा अवयव, ही परजीवीला चिकटायला मिळालेली संपूर्ण नवी जागा असते. तिथे चिकटणारे प्रथिन त्या स्त्रीच्या शरीराने याआधी पाहिलेलेच नसते, म्हणून आयुष्यभर मलेरिया पचवलेली स्त्रीही पहिल्या खेपेस धोक्यात येते. पुढच्या गरोदरपणांत धोका कमी होत जातो.

९. मग परजीवींवर लस का निघत नाही?

मलेरियावर निघाली आहे. आरटीएस,एस या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये केली आणि आर२१ या लशीची ऑक्टोबर २०२३ मध्ये. दोन्ही लशी डासातून आलेल्या पहिल्या रूपाला, यकृतात शिरण्याआधीच, अडवतात. संरक्षण अपुरे आहे. आरटीएस,एसच्या मोठ्या चाचणीत चार मात्रा मिळालेल्या ५ ते १७ महिन्यांच्या बालकांत सुमारे चार वर्षांत मलेरियाचे आजारपण साधारण ३६ टक्क्यांनी घटले. कोणाला हा आकडा लहान वाटतो. मला वाटत नाही, कारण त्यामागे वाचलेली मुले आहेत.

माणसातल्या कृमींवर मात्र अजून एकही मान्यताप्राप्त लस नाही. गुरांच्या फुप्फुसातल्या कृमीवर आहे, आणि ती किरणोत्साराने कमजोर केलेल्या जिवंत अळ्यांची बनवतात. अंकुशकृमीच्या एका लशीची चाचणी ब्राझीलमध्ये चालू असताना काही जणांच्या अंगावर लस टोचताच गांधी उठल्या. त्यांना आधी अंकुशकृमीचा संसर्ग होऊन गेला होता आणि लशीतल्या प्रथिनाविरुद्ध आयजीई त्यांच्या रक्तात तयारच होते. म्हणजे जिथे लशीची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती देणे सर्वांत धोक्याचे. ती लस सोडून द्यावी लागली.

१०. आजार परजीवीमुळे होतो की आपल्याच प्रतिकारामुळे?

मला आलेल्या प्रश्नांत मी याला सर्वांत वरचे स्थान देते. उत्तर परजीवीगणिक बदलते, पण दुसऱ्या बाजूचा वाटा लोकांना वाटतो त्याहून खूप मोठा आहे.

अंकुशकृमी प्रत्यक्ष रक्त पितो आणि त्यातून पंडुरोग होतो. इथे दोष सरळ परजीवीचा. शिस्टोसोमाचे तसे नाही. प्रौढ कृमी रक्तवाहिनीत जवळजवळ निरुपद्रवी असतात. त्यांनी घातलेली साधारण निम्मी अंडी विष्ठेतून किंवा लघवीतून बाहेर न पडता यकृतासारख्या अवयवांत अडकतात. शरीर प्रत्येक अंड्याभोवती पेशींची गाठ बांधते, गाठ वाळून तिथे वण उरतो आणि वर्षानुवर्षांच्या वणांनी यकृत घट्ट होत जाते.

मेंदूतल्या टेपवर्मच्या गाठी हे दुसरे उदाहरण. जिवंत गाठ प्रतिकारयंत्रणेला गप्प ठेवते आणि माणसाला वर्षानुवर्षे पत्ताही लागत नाही. गाठ मरू लागली की हे गप्प ठेवणे थांबते, भोवती दाह होतो आणि तेव्हा झटके येतात.

म्हणून आम्ही प्रतिकार आणि सहनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. प्रतिकार म्हणजे किती परजीवी कमी केले. सहनशीलता म्हणजे तितकेच परजीवी असताना अंगाची नासाडी किती कमी झाली. एखाद्या उंदराच्या पोटात दुसऱ्याइतकेच कृमी असतात आणि तरी त्याचे वजन घटत नाही. पूर्वी आम्ही फक्त कृमी मोजायचो आणि असे उंदीर आमच्या तक्त्यात 'काही फरक नाही' म्हणून जायचे. त्या जुन्या वह्या आता पुन्हा उघडून पाहाव्याशा वाटतात.

११. औषध घेतल्यावर त्रास उलट वाढला. औषध चुकीचे होते का?

तसे असेलच असे नाही. एका वेळी खूप परजीवी मेले की त्यांच्या आतले पदार्थ रक्तात सुटतात आणि शरीर त्यांवर तुटून पडते. 'नदीकाठचे अंधत्व' या आजाराच्या कृमीवर डायइथिलकार्बामझिन दिल्यावर येणारी खाज, ताप आणि पुरळ यांना १९४८ पासून माझोत्ती प्रतिक्रिया म्हणतात. या कृमींच्या आत वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि कृमी मरताना तेही बाहेर पडतात. दाहाचा बराच भाग त्यांच्यामुळे होतो. याच जिवाणूंवर डॉक्सिसायक्लिनचा काही आठवड्यांचा मारा केला की कृमी आधी वांझ होतो आणि नंतर हळूहळू मरतो.

मेंदूतल्या गाठींवर औषध देताना सोबत स्टिरॉइड देतात ते प्रश्न १० मधल्या कारणासाठी. त्रास वाढला तर औषध मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

१२. पोटात जंत असलेल्यांना अ‍ॅलर्जी होत नाही म्हणतात. खरे का?

अर्धे खरे. गॅबॉनमध्ये शिस्टोसोमा असलेल्या मुलांची त्वचा धुळीतल्या किड्यांना कमी प्रतिसाद देत असे, आणि त्याचा संबंध आयएल-१० या दाह शमवणाऱ्या संदेशाशी होता. त्याच देशात मुलांना जंतांची औषधे दिल्यावर हा प्रतिसाद वाढला. अर्जेंटिनात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मल्टिपल स्क्लेरॉसिस (प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच मज्जासंस्थेवर उलटते तो आजार) असलेल्या ज्या रुग्णांच्या पोटात कृमी होते त्यांचा आजार बराच सौम्य राहिला होता.

पण कृमी कोणता हे पाहावेच लागते. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर अंकुशकृमी असलेल्यांत दमा कमी आढळतो आणि मोठ्या गोल जंताच्या बाबतीत उलट जास्त आढळतो. या जंताच्या अळ्या फुप्फुसातून प्रवास करतात हे विसरून चालत नाही.

१३. मग अ‍ॅलर्जी घालवायला मी मुद्दाम जंत घेऊ का? इंटरनेटवर मिळतात.

नका घेऊ. हा प्रश्न विचारणाऱ्यांची तळमळ मला समजते. आतड्याच्या दाहाने वर्षानुवर्षे हैराण झालेला माणूस काहीही करून पाहायला तयार होतो. १९७६ साली टर्टन या संशोधकाने स्वतःलाच अंकुशकृमी टोचून घेतले आणि परागांची अ‍ॅलर्जी थांबल्याचे प्रसिद्ध केले. पण एका माणसाच्या अनुभवावर उपचार ठरत नाहीत. डुकरातल्या चाबूककृमीची अंडी देऊन २००५ मध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत आशादायक निष्कर्ष आले, नंतर क्रोहन या तशाच दुसऱ्या आजाराच्या मोठ्या चाचण्यांत परिणाम दिसला नाही. परागांच्या अ‍ॅलर्जीवरही उपयोग झाला नाही. विकत मिळणाऱ्या अळ्या कोणत्या जातीच्या आहेत, त्यांच्यासोबत आणखी काय येते, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

माझी आशा प्रश्न ७ मधल्या बनावट किल्लीवर आहे. कृमी बाजूला ठेवून त्याचे एखादे प्रथिन औषध म्हणून वापरता आले, तर मात्रा ठरवता येईल आणि नको तेव्हा थांबवता येईल.

१४. मला स्टिरॉइड सुरू करायचे आहेत. परजीवींचा इथे काय संबंध?

संबंध आहे, आणि जिवावर बेतणारा आहे. स्ट्राँगिलॉइडिस हा बारीक कृमी मातीतून, अनवाणी पायांच्या त्वचेतून शिरतो. बाकी बहुतेक कृमींची अंडी किंवा अळ्या बाहेर जाऊन वाढतात. याच्या काही अळ्या मात्र आतड्यातच पक्व होऊन पुन्हा त्याच माणसाला संसर्ग करतात. त्यामुळे बाहेरून नवा संसर्ग न होताही तो आयुष्यभर राहू शकतो. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियात कैदेत राहिलेल्या सैनिकांत तो कित्येक दशकांनंतरही सापडला.

प्रतिकारशक्ती ठीक असेपर्यंत ती त्याला मर्यादेत ठेवते. स्टिरॉइड दिले की लगाम सुटतो, अळ्या लाखोंनी वाढून फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरतात आणि आतड्यातले जिवाणू सोबत रक्तात नेतात. अशा वेळी इओसिनोफिल वाढलेले दिसतीलच असे नाही, कारण स्टिरॉइड त्यांनाही दाबते. जिथे हा कृमी आढळतो तिथे तुम्ही कधीही राहिला असाल, तर स्टिरॉइड किंवा अवयवरोपणाची औषधे सुरू होण्याआधी डॉक्टरांना हे सांगा. तपासणी साधी आहे आणि आयव्हरमेक्टिनने बहुतेकदा काम होते.

१५. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांनी जंत टळतात का?

नाही. जंत टळतात ते शौचालय, पादत्राणे, स्वच्छ पाणी आणि धुतलेल्या हातांनी. शिवाय 'वाढवणे' म्हणजे कोणता प्रकार वाढवणे? प्रश्न ६ मधल्या पांढऱ्या उंदराची प्रतिक्रिया जोरातच होती, फक्त चुकीची होती.

१६. काही माणसे जन्मतःच सुरक्षित असतात का?

असतात, पण त्याची किंमत कोणीतरी मोजते. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्यांना गंभीर मलेरियापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळते. अ‍ॅलिसन यांनी हा संबंध १९५४ मध्ये दाखवला. दोन्ही जनुके तशीच आली तर मूल सिकलसेलच्या आजाराने त्रासते. आपल्या रक्तातले एपीओएल१ हे प्रथिन बहुतेक ट्रिपॅनोसोमांना मारते. आफ्रिकेत त्याचे असे दोन प्रकार पसरले आहेत की ज्यांच्यापुढे निद्रारोगाचा एक हट्टी परजीवीही टिकत नाही, पण दोन्ही पालकांकडून असे प्रकार आले तर मूत्रपिंडाच्या आजाराचा धोका वाढतो. हे २०१० मध्ये समोर आले.

१७. औषधाने परजीवी मुळासकट गेला तर प्रतिकारशक्ती उलट कमी होते असे वाचले. हे कसे शक्य आहे?

उंदरांतल्या लिशमॅनिया मेजरबद्दल ते खरे आहे. जखम भरल्यावरही त्वचेत थोडे परजीवी उरतात, आणि नियामक टी-पेशी त्यांना पूर्ण नष्ट होऊ देत नाहीत. हे थोडे उरलेले परजीवी प्रतिकारयंत्रणेला सतत आठवण करून देतात, म्हणून दुसरा संसर्ग परतवला जातो. २००२ मध्ये असे दिसले की आयएल-१० नसलेल्या उंदरांनी परजीवी शेवटच्या पेशीपर्यंत नष्ट केला, आणि पुढच्या संसर्गाला मात्र ते पुन्हा बळी पडले.

यावरून 'मग उपचार नको' असा अर्थ काढू नका. काळा आजार उपचाराविना बहुधा मारतोच. आमच्या कृमीत तर उलट आहे : औषधाने साफ केल्यावरच उंदराची शक्ती दिसून येते (प्रश्न ५). परजीवी बदलला की नियम बदलतो.

१८. परजीवीलाच आपल्या प्रतिकाराची गरज पडते असे कधी होते का?

होते. प्रश्न १० मधल्या शिस्टोसोमाच्या अंड्यांकडे पुन्हा पाहा. अंडे रक्तवाहिनीत घातले जाते आणि त्याला आतड्याच्या पोकळीत पोचायचे असते. त्याला स्वतःला पाय नाहीत. त्याच्याभोवती जमणाऱ्या आपल्या पेशीच त्याला भिंतीतून पलीकडे नेतात. टी-पेशी नसलेल्या उंदरांच्या विष्ठेत म्हणूनच अंडी फार कमी पडतात. केनियात एचआयव्हीमुळे टी-पेशी घटलेल्या माणसांतही तेच आढळले : कृमी अंगात आहेत, पण विष्ठेतली अंडी कमी. विष्ठेतल्या अंड्यांवरून निदान करणाऱ्याची इथे फसगत होऊ शकते.

आणि त्या टी-पेशी नसलेल्या उंदरांना यकृतात वण पडत नाहीत म्हणून ते सुखी असतात का? नाही. अंड्यातून झिरपणारे विष अडवायला गाठच नसते, ते थेट यकृताच्या पेशी मारते आणि हे उंदीर इतरांपेक्षा लवकर मरतात. जी गाठ यकृताला हळूहळू घट्ट करते, तीच त्याला आज जगवते. ही गाठ विषाला अडवील एवढी मोठी आणि वण उरणार नाही एवढी लहान कशी ठेवायची, यावर आमच्या शेजारच्या प्रयोगशाळेत काम चालू आहे आणि दर गुरुवारी त्यांचे आकडे पाहायला मी तिथे जाऊन बसते.